पाठांतर आणि अर्थ

संग्रामपुरांत कीर्तन ऐकणाऱ्यांस नवल वाटेल. परंतु कोंकणांतून आलेल्या बेने इस्राएल यहुद्यांनींही १८८० च्या सुमारास मोशे आदिकरून आपल्या पूर्वजांचीं आख्यानें मराठी कीर्तनांत गाण्यास आरंभ केला. तत्पूर्वीं, १८७४ सालीं, वल्हांडण सणाचा हगादा हा ग्रंथ हिब्रू मूळ व मराठी भाषांतरासह पुण्यांत छापला गेला. मिसर देशांतील दास्यांतून पूर्वज कसे सुटले, हें त्या रात्रीं मुलांनीं विचारावें व वडिलांनीं सांगावें, असा परिपाठ. भाषाच न कळली, तर मूल विचारणार काय? मूळ भाषेचा मान राखूनही अर्थ घरच्या बोलींत उतरला, म्हणूनच तो ग्रंथ त्यांच्या घरचा झाला, असें आम्हांस वाटतें.

आमचे विद्यार्थी प्रार्थना घडाघडा म्हणतात. पालकहो, आज रात्रीं तींतील एकाच शब्दाचा अर्थ मुलास विचारून पाहावा. तो उलट आपणांसच विचारूं लागला, तर रागावूं नये.