णमोकार मोबाईलमधून नको, आजीच्या तोंडून हवा



अमरावती असो की अकोला, तान्ह्या बाळाला मोबाईल दाखवू नये हे आता आपल्या समाजात तोंडाने सगळेच म्हणतात. बारशाला गेलो तरी हाच सल्ला, डॉक्टरांकडे गेलो तरी हाच. पण बऱ्याच घरांनी त्यात एक पळवाट ठेवली आहे. "कार्टून नाही दाखवत हो आम्ही, फक्त णमोकार लावून देतो. तेवढेच संस्कार!" सात-आठ महिन्यांचं बाळ गादीवर, समोर लोडाला टेकवलेला मोबाईल, त्यात रंगीत चित्रं हलताहेत, मंत्र चालू आहे आणि घरातले निवांत. कोणी काही बोललंच तर उत्तर तयार असतं, "देवाचंच तं पाहून राह्यलं ना लेकरू!"

आज मला या पळवाटेबद्दलच लिहायचं आहे. काहींना राग येईल, पण माझं मत स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी धर्माचा व्हिडिओ हाही व्हिडिओच. त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला तो णमोकार आहे की जाहिरात, हे कळत नाही. आणि संस्कार म्हणून आपण जे देऊ पाहतो, ते पडद्यातून त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही.

आधी डॉक्टरांचं म्हणणं पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको असं म्हटलं आहे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीसुद्धा दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच म्हणते. सवलत एकच दिली आहे, ती म्हणजे अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल. ही सवलत का, हे समजून घेतलं तर सगळा विषय उलगडतो. पुण्याला असलेली आत्या कॉलवर बाळाशी बोलते, तेव्हा बाळ हसलं की ती हसते, बाळाने आवाज काढला की ती ओ देते. व्हिडिओतला मंत्र बाळ हसलं तरी चालू असतो आणि रडलं तरी चालू असतो.

यावर झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं बसली, त्यांच्याशी खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. अशा 12 बैठका झाल्या. ती बाळं चिनी भाषेतले वेगळे आवाज ओळखायला लागली. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांचा तसाच व्हिडिओ तितकाच वेळ दाखवला. ती बाळं काहीच शिकली नाहीत. आवाज तोच, शब्द तेच, पण समोर जिवंत माणूस नव्हता.

मग सांगा, मंत्राचे पस्तीस अक्षरांचे उच्चार बाळाच्या कानात बसावेत असं खरंच वाटत असेल, तर ते कोणी म्हणायला हवेत? नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचं चांगलं दिसतं. मांडीवर घेतल्यावर आपला चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. आजीने मांडीवर घेऊन हळू आवाजात मंत्र म्हटला, की बाळ तिचे ओठ बघतं, तिच्या श्वासाची लय ऐकतं, मध्येच हुंकार देतं आणि आजी थांबून त्याच्याकडे बघते. शिक्षण इथे होतं.

आपल्या ग्रंथांनाही हे माहीत होतं, असं मला आदिपुराण वाचताना वाटतं. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात लिहिलेल्या या ग्रंथात जन्माआधीपासूनच्या क्रिया क्रमाने सांगितल्या आहेत. नामकर्मानंतर येते बहिर्यान, म्हणजे बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेणं. मग निषद्या, म्हणजे त्याला आसनावर बसवणं. मग अन्नप्राशन, पहिला वाढदिवस, केशवाप. आणि लिपिसंख्यान, म्हणजे अक्षरओळख, येते थेट पाचव्या वर्षी! बाळ बाहेरचं जग बघू लागलं, बसू लागलं, खाऊ लागलं, या साध्या गोष्टींना त्या काळी संस्कार मानलं. आपण मात्र पाचव्या महिन्यात अक्षरांचे व्हिडिओ लावतो आणि बाळ पालथं कधी पडलं हे घरात कोणाला आठवत नाही. याच पुराणात भगवान ऋषभदेव ब्राह्मी आणि सुंदरी या मुलींना अक्षरं आणि अंक शिकवतात, तेही मांडीवर बसवून. आपल्या परंपरेतली पहिली शाळा म्हणजे वडिलांची मांडी.

आता मोबाईल नेमका कधी बाहेर येतो ते बघू. "दाखवू नका" एवढं सांगून काही होत नाही. घरात बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या अडचणी खऱ्या असतात. आपल्या घरांत अशा तीन वेळा ठरलेल्या आहेत.

पहिली वेळ संध्याकाळच्या जेवणाची. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घरात डिसेंबरात सूर्य सहाच्या आधीच मावळतो. सगळ्यांची पानं एकदम, गरम पोळी एकदम, आणि त्याच अर्ध्या तासात बाळाला मऊ वरण-भात भरवायचा. सून एकटी. मग मोबाईल लावला की बाळ तोंड उघडतं आणि वाटी पटकन रिकामी होते. पण पोट भरलं की नाही हे बाळाला कळलेलंच नसतं. सूर्यास्ताच्या आत जेवण्यामागे जीवदया आहे, ताटात काय आहे ते दिसावं हा विचार आहे. ताटाकडे न बघता गिळायची सवय आपण त्याच घरातल्या सर्वांत लहान जीवाला लावतो, हे मला पटत नाही. उपाय मोबाईलमध्ये नाही, पंगतीत आहे. बाळाला सगळ्यांच्या अर्धा तास आधी भरवा, आणि ते काम घरातल्या पुरुषाकडे द्या. दुकानातून पाच मिनिटं आधी येता येतं. आबांनाही भरवता येतं. बाळाच्या हातात एक चमचा आणि रिकामी वाटी दिली की ते वाजवत बसतं. थोडं सांडेल. सांडू द्या, पुसता येतं.

दुसरी वेळ सामायिकाची आणि स्वाध्यायाची. आजीची 48 मिनिटं शांत जायला हवीत, म्हणून बाळासमोर व्हिडिओ. इथे मी जरा स्पष्ट बोलते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना मुळाशी प्रमाद ठेवला आहे, म्हणजे बेसावधपणा. एका जीवाला पडद्याच्या हवाली करून आपण सावधपणाची साधना करायची, यात काहीतरी चुकतंय. सामायिक सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. बाळ झोपल्यावर ते करता येतं, किंवा त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी बाळ घेता येतं. आणि आजी तोंडाने पाठ म्हणत असेल तर बाळ जवळच सतरंजीवर पालथं खेळू दे. जागेपणी, कुणाच्या तरी नजरेसमोर, दिवसभरात थोडं थोडं मिळून निदान अर्धा तास बाळ पोटावर असावं, असं त्याच 2019 च्या सूचनांत आहे. एका सामायिकाहून कमीच वेळ झाला हा.

तिसरी वेळ वऱ्हाडातल्या दुपारची. अकोल्याचा मे महिना काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पारा 45 च्या वर, दहा-अकरापासून दारं बंद, कूलरची घरघर, आणि फ्लॅटमध्ये आई आणि बाळ दोघंच. बहिर्यान वगैरे सगळं पुस्तकातच राहतं. म्हणूनच घरातल्या घरात काय खेळावं हे आपल्याला माहीत असायला हवं. यासाठी बाजारात जायची गरज नाही.

तीन-चार महिन्यांच्या बाळाला जमिनीवर गोधडी पुरते. एका बाजूला खुळखुळा हलवला की ते मान वळवतं, पुढे सरकायचा प्रयत्न करतं. सहा महिन्यांनंतर बसू लागलं की स्टीलचा डबा आणि त्यात मावतील अशा मोठ्या वस्तू द्या. लाकडी चमचा, प्लास्टिकचं झाकण, जुन्या सुती साडीचा तुकडा. काढायचं, टाकायचं, पुन्हा काढायचं. ओढणीआड तोंड लपवून "कुऽऽक" करा. दिसत नाही ती वस्तू नाहीशी झालेली नसते, हे बाळ याच खेळात शिकतं. रांगू लागलं की उशांचा डोंगर करा. उभं राहू लागलं की जड स्टूल धरू द्या, आणि घरात जुना लाकडी पांगुळगाडा असेल तर तो काढा. चाकाच्या वॉकरमध्ये मात्र बसवू नका. त्यात इतके अपघात होतात की कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. आणि दिवसभर बोला. पोळी लाटताना, कपडे घडी करताना, हातात काय आहे ते सांगत राहा.

इंटरनेटवर हल्ली ट्रेमध्ये तांदूळ, डाळ, साबुदाणा पसरून बाळाला खेळायला देतात. मला ते आवडत नाही. दाणा नाकात किंवा घशात जायची भीती तर आहेच. शिवाय अन्न सांडतं, मुंग्या होतात आणि मग त्या झाडाव्या लागतात. आपल्या घराला ते शोभत नाही. आणि नळ रोज येत नाही अशा गावात परातभर पाण्याचा खेळही रोज परवडत नाही. ओल्या फडक्याने फरशी पुसायचा खेळही बाळ तितक्याच आनंदाने खेळतं.

दुसरं टोक म्हणजे मोबाईल नको म्हणून हजारोंची लाकडी खेळणी मागवणं. अपरिग्रह आपण इथे विसरतो. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं गावात परवडणार नाहीत हे ओळखून शंख-शिंपले, दगड, पानं, बिया हीच साधनं केली. ती मुलं थोडी मोठी होती, बाळांना शिंपले-बिया द्यायच्या नाहीत. पण धडा तोच आहे. वस्तू साधी चालते, शेजारी माणूस हवं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने यवतमाळकडे सुरू झालेल्या 'आरंभ' कार्यक्रमात अंगणवाडी ताई पालकांना हेच दाखवतात, घरातल्या वस्तूंनी बाळाशी कसं खेळायचं ते.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या मोबाईलचा. बाळाच्या हातात नाही, पण आईच्या, बाबांच्या, आजीच्या हातात दिवसभर आहे. महाराजांचं प्रवचनसुद्धा आता त्याच्यावरच. 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आईला काही मिनिटं बाळासमोर निर्विकार चेहरा करून बसायला सांगितलं. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं आणि शेवटी रडकुंडीला येतं. मोबाईलकडे बघतानाचा आपला चेहरा कसा असतो, ते एकदा आरशात बघा. प्रवचन ऐकायचं तर बाळ झोपल्यावर ऐका, किंवा त्याला घेऊन मंदिरात जा. घंटा, दिवे, माणसं, तिथे बघायला खूप काही असतं.

"सगळं सुनेनेच करायचं का?" असं विचारणाऱ्या मैत्रिणींना माझं उत्तर आहे, नाही. बाळाच्या हातात मोबाईल दिसला की सगळे आईला बोलतात. पण त्या वेळी घरातली बाकीची माणसं काय करत होती, हे कुणी विचारत नाही. महावीर जयंतीला बालप्रभूंच्या पाळण्याची दोरी ओढायला आपण रांगेत उभे राहतो. त्या रांगेत काका असतात, मामा असतात, आबा असतात. घरातल्या पाळण्यापाशी मात्र एकटी आईच असते.

येत्या दशलक्षणात संयमाच्या दिवशी एकासन, उपवास आपण करूच. ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे, त्यांनी आणखी एक नियम घेऊन बघा. बाळ जागं असताना त्याच्या खोलीत कुणाचाच पडदा चालू नाही, धर्माचाही नाही. आणि रोज एकदा घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनीसुद्धा, बाळाला मांडीवर घेऊन स्वतःच्या तोंडाने णमोकार म्हणायचा. बेसूर झाला तरी चालेल.

जय जिनेंद्र.