सूनबाईंनी घर फोडलं!

भाऊ वेगळे निघाले की पहिलं बोट सुनेकडे जातं. जमिनीचा वाद जुना असो, धाकट्याला दुकानात कुणी विचारत नसो, गाव एका वाक्यात निकाल लावून मोकळं होतं, ‘ती आली आणि घर फुटलं.’ कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना हे वाक्य मी इतक्या जणींबद्दल ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पण एक बाई हाच शेरा पन्नास वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगाकडून ऐकत आलीय. तिचं नाव योको ओनो. घर म्हणजे इंग्लंडमधला ‘बीटल्स’ हा चौघांचा बँड, आणि तिचा नवरा जॉन लेनन.

हे घर फुटलं कसं, ते तरी बघू या. सगळा कारभार सांभाळणारा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट 1967 मध्ये वारला. मग पैशाचे व्यवहार कुणाच्या हाती द्यायचे यावरून पॉल एका बाजूला, बाकीचे तिघं दुसऱ्या बाजूला. आपल्या गाण्यांना जागा मिळत नाही म्हणून जॉर्ज धुमसत होता. जानेवारी 1969 मध्ये तो काही दिवस निघूनच गेला. रिंगो त्याच्या आदल्याच वर्षी रुसून गेला होता. 1970 संपता संपता प्रकरण कोर्टात पोचलं. एकत्र कुटुंबात याहून वेगळं काय होतं?

योको स्टुडिओत सतत जॉनच्या शेजारी बसायची, हे खरं. 1969 मध्ये मोटार अपघातानंतर तिच्यासाठी स्टुडिओत चक्क पलंग आणला होता, हेही खरं. बाकीच्यांना ते खटकलं असणारच. मलाही खटकलं असतं. पण पीटर जॅक्सननं त्याच काळातल्या चित्रीकरणातून 2021 मध्ये ‘गेट बॅक’ हा माहितीपट आणला, त्यात दिसतं काय? ती बसलीय, पेपर वाचतेय. पॉल तर तिथेच थट्टा करतो, की योको अॅम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले, असं लोक पन्नास वर्षांनी म्हणतील! बँड तिच्यामुळे फुटला नाही, हे त्यानं 2012 मध्ये जाहीरपणेही सांगितलं.

या सगळ्या गदारोळात तिचं गाणं राहूनच गेलं. माझी खरी तक्रार तीच आहे.

योको 1933ची, टोकियोतल्या श्रीमंत बँकर घराण्यातली. लहानपणी पियानो, मग पाश्चात्त्य पद्धतीच्या गायनाचं शिक्षण. संगीतरचना करायची म्हटल्यावर वडिलांनी ते बायकांचं काम नाही असं सुनावलं, हे तिनंच सांगितलंय. 1960 मध्ये न्यूयॉर्कला चेंबर्स स्ट्रीटवर तिनं एक माडी भाड्यानं घेतली आणि ला माँट यंग या संगीतकाराबरोबर तिथं नव्या संगीताच्या मैफली भरवल्या. 1964 मध्ये ‘कट पीस’ केलं. ती मंचावर स्तब्ध बसलेली, समोर कात्री. प्रेक्षकांनी यायचं आणि तिच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. बाईच्या देहाकडे बघण्यावर याहून धारदार भाष्य मला तरी माहीत नाही. जॉनची आणि तिची भेट नोव्हेंबर 1966 मधली. म्हणजे हे सगळं त्याच्या आधीचं!

1968 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती ऑर्नेट कोलमन या थोर जाझ वादकाबरोबर गायली. डिसेंबर 1970 मध्ये तिची आणि जॉनची ‘प्लॅस्टिक ओनो बँड’ अशी एकाच नावाची दोन ध्वनिमुद्रणं एकदमच निघाली. मुखपृष्ठंही जवळजवळ सारखी, झाडाखाली टेकलेलं जोडपं. दोन्हीत ढोल वाजवणारा रिंगो, म्हणजे ज्यांचं घर तिनं ‘फोडलं’ त्यांच्यातलाच एक. जॉनच्या तबकडीचं कौतुक झालं, तिच्या तबकडीची टिंगल.

तिचं गाणं ऐकायला सोपं नाही, खरं सांगते. ‘व्हाय’ या गाण्यात शब्द तेवढा एकच. बाकी किंचाळणं, कण्हणं, घशातल्या घशात थरथरणं. मी मध्येच थांबले, दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकलं. नंतर तिच्या मुलाखतीतलं वाचलं, की लहानपणी घरातल्या कामवाल्या बाळंतपणाबद्दल बोलायच्या, कळांचे आवाज काढून दाखवायच्या, ते तिच्या मनात राहिलं होतं. मग तो आवाज मला अनोळखी राहिला नाही. गाण्यात बाईनं गोडच असलं पाहिजे, हा हट्ट आपलाच ना?

दुरावलेल्या मुलीसाठी, क्योकोसाठी, तिनं 1969 मध्ये गाणं केलं. 1971 मध्ये मुलीचा बाप तिला घेऊन नाहीसा झाला. मायलेकींची भेट व्हायला 1990चं दशक उजाडलं. घर फोडणाऱ्या बाईची ही बाजू कुणी फारशी सांगत नाही.

‘इमॅजिन’ हे गाणं जगाला पाठ आहे. त्याची कल्पना योकोच्या 1964च्या ‘ग्रेपफ्रूट’ या पुस्तकातून आली, तेव्हा आपण तिला श्रेय द्यायला हवं होतं, अशी कबुली जॉननं डिसेंबर 1980 मध्ये दिली. 8 डिसेंबरला त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा तो तिच्याच ‘वॉकिंग ऑन थिन आइस’ या गाण्याचं काम आटोपून परतत होता. गीतकार म्हणून तिला श्रेय देण्याची घोषणा व्हायला 2017 साल उजाडलं. 46 वर्षं!

नवरा गेल्यावर ही बाई घरात बसली नाही. 1995 मध्ये मुलगा शॉन आणि त्याच्या बँडबरोबर ‘रायझिंग’ केलं. ‘थिन आइस’चं नवं रूप 2003 मध्ये अमेरिकेतल्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा ती सत्तरीत होती. 2007 मध्ये तरुण कलाकारांनी तिची जुनी गाणी तिच्याबरोबर नव्यानं घडवली. 2012 मध्ये ‘सॉनिक यूथ’च्या किम गॉर्डन आणि थर्स्टन मूर यांच्याबरोबर तिघांच्या नावानं ध्वनिमुद्रण निघालं; तोवर हे जोडपं विभक्त झालं होतं, हे विशेष. (त्याबद्दल मात्र योकोला कुणी दोष दिला नाही!)

2018 मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, तिनं ‘वॉरझोन’ काढलं. आपलीच जुनी गाणी तिनं त्यात पुन्हा गायली आहेत. त्यातलं शेवटचं गाणं ‘इमॅजिन’. संथ, मोजक्या साथीवर, म्हाताऱ्या आवाजात.