तारांकित शब्दाची बाजू

भाषाशास्त्राच्या पुस्तकात काही शब्दांच्या आधी चांदणी छापलेली असते. हा शब्द कोठेही लिहिलेला सापडत नाही, अभ्यासकांनी तो पुराव्यावरून बांधला आहे, अशी ती प्रांजळ कबुली. आमच्या वर्गातील काही मित्र यावर म्हणतात, "मग हे सारे मनाचे मांडे!" मला हे मुळीच मान्य नाही.

रशियन, पोलिश, चेक यांची जननी जी आदिस्लाव भाषा, तिची एक ओळही उपलब्ध नाही. स्लाव लेखनाचा आरंभच नवव्या शतकातला. तरीही तिच्यातील मधाचा शब्द *मेदु असा सांगतात. त्यातला उ अगदी ओझरता. आपल्याकडे 'मधु'चा 'मध' झाला, तसा रशियनमध्येही तो उ गळाला. मग तो होता कशावरून? साक्ष देते अस्वल! रशियनमध्ये अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात. मूळ अर्थ 'मध खाणारा'. 'मेदु'पुढे खाण्याचा धातू आला आणि उ चा व झाला. मधु + अद् = मध्वद्, हा आपल्या ओळखीचा यण्‌संधीच की! ('मध जाणणारा' हा अर्थ लोकांनी मागाहून लावलेला.) शिकाऱ्यांनी भीतीपोटी अस्वलाचे खरे नाव टाकले असावे, असे मानतात. रात्री सापाला 'लांबडं' म्हणणाऱ्या आमच्या गावाला हे पटवायला व्याकरण लागणार नाही.

विभक्तीचेही तसेच. *मेदु ची चतुर्थी 'मेदोवि', तर 'गुरु'ची 'गुरवे'. दोन्हीकडे उ पोटात व होऊन बसला आहे. आणि लिथुआनियन भाषेत मधाला आजही 'मेदुस' म्हणतात, उ शाबूत!

माझ्या घरी माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. शब्दरूपावली ही दुसऱ्या कोणाची तरी मिरास, असे आमच्यासारख्यांना वाटत आले. पण या शास्त्रात कुळ विचारीत नाहीत. पुरावा मांडा, नियम लावा. जुळले नाही तर बांधलेला शब्द खोडा. म्हणून माझे म्हणणे, प्राध्यापकांनी रूपे घोकून घेताना अशी एखादी चांदणीही फळ्यावर काढावी.

आदिस्लावमध्ये उकारान्त नामे मोजकीच होती. पुढे तो वर्ग मोडला, त्याची नामे इतरांत मिसळली. पण त्याचा 'ओव' हा षष्ठी बहुवचनाचा प्रत्यय रशियनमध्ये इतर पुल्लिंगी नामांनी उचलला. 'स्तोल' म्हणजे टेबल. त्याचा या वर्गाशी काही संबंध नव्हता. तरी 'टेबलांचा' म्हणायला रशियन माणूस आज 'स्तोलोव' म्हणतो.