शेवटच्या जागेचा हक्क

अमुक एक बँड महोत्सवाचा हेडलाइनर होण्याइतका मोठा आहे काय, हा प्रश्न रॉक संगीताच्या रसिकांत दरवर्षी नेमाने विचारला जातो. युरोप-अमेरिकेतल्या उन्हाळी महोत्सवांच्या जाहिराती बाहेर पडू लागल्या की त्याला ऊत येतो. प्रश्न विचारण्याचा सूर बहुधा उपवर मुलाची मिळकत विचारण्याचा असतो. अल्बम किती खपले, शेवटचे गाणे तक्त्यावर कितवे होते, स्वतःच्या बळावर केवढे सभागृह भरते, ही चौकशी पुरी झाली की 'अजून दोन वर्षे थांबा' असा निर्णय दिला जातो. ज्यांच्याविषयी हा प्रश्न निघतो ते बहुतेक वेळा 'इंडी' म्हणवणारे बँड असतात. पॉल मॅकार्टनीबद्दल तो कोणी विचारत नाही. आम्हांस या प्रश्नात मुळातच एक चूक दिसते, आणि ती दाखवण्यासाठी एका जुन्या शनिवारची गोष्ट सांगावी लागेल.

त्याआधी थोडा खुलासा. हेडलाइनर म्हणजे ज्याचे नाव जाहिरातीत सर्वांत वर व सर्वांत मोठ्या टायपात असते आणि जो रात्री सर्वांत शेवटी मंचावर येतो तो. शेवटच्या जागेचे माहात्म्य मराठी श्रोत्याला नवे नाही. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता वर्षानुवर्षे भीमसेन जोशी करीत, आणि त्यांच्या आधी कोण गायले यावर कितीही वाद झाले तरी ती जागा कोणाची यावर वाद नसे. परंतु आपल्याकडे ही जागा ज्येष्ठतेने मिळते. तिच्यामागे वय, तालीम आणि घराणे उभे असते. रॉक महोत्सवात ज्येष्ठता आपोआप काही मिळवून देत नाही. तिथे जागा 'मोठेपणा'ने मिळते, आणि मोठेपणा म्हणजे नक्की काय हे कोणीच सांगत नाही.

'इंडी' या शब्दाचेही तसेच. मूळ अर्थ साधा: बड्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्र लेबलवर निघालेले संगीत. पण १९९० नंतर ब्रिटनमध्ये हा शब्द हिशेबाच्या वहीतून रुचीच्या वहीत गेला. एक विशिष्ट गिटार, एक विशिष्ट संकोच, थोडी विद्वत्ता, थोडी गरिबी, आणि 'हे आमचे आहे, सर्वांचे नाही' ही भावना. या शेवटच्या भावनेकडे आम्ही पुन्हा येऊ, कारण गोष्टीची गाठ तिथेच आहे.

शेफील्ड हे इंग्लंडच्या उत्तरेतले पोलादाचे शहर. तिथे १९७८ साली जार्व्हिस कॉकर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत असताना एक बँड काढला. त्याचे नाव पुढे 'पल्प' झाले. १९८१ साली बी.बी.सी.वर जॉन पील या निवेदकाने त्यांचे ध्वनिमुद्रण प्रसारित केले, तेव्हा पोरांना वाटले असणार की आता आपले भाग्य उघडले. उघडले नाही. १९८३, १९८७, १९९२ असे अल्बम आले आणि फारसा आवाज न करता गेले. माणसे आली, गेली. १९८५ साली कॉकर एका खिडकीतून पडला (एका मुलीवर छाप पाडण्यासाठी तो बाहेरून लोंबकळत होता), आणि काही काळ चाकाच्या खुर्चीत बसून त्याने कार्यक्रम केले. १९९४ च्या 'हिज अँड हर्स'ने जरा बरे दिवस दाखवले. तो अल्बम मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत आला, पारितोषिक मात्र दुसऱ्याला मिळाले. एव्हाना ते आयलंड या कंपनीकडे गेले होते आणि आयलंड ही पॉलिग्रॅमच्या मालकीची होती. म्हणजे काटेकोर अर्थाने ते 'इंडी' राहिलेच नव्हते. असो. मे १९९५ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षांत, त्यांचे एकही गाणे ब्रिटिश तक्त्यावर पहिल्या दहांत आलेले नव्हते.

मे महिन्याच्या अखेरीस 'कॉमन पीपल' आले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. पहिल्या क्रमांकावर दूरचित्रवाणीवरचे दोन नट एक जुने प्रेमगीत गात ठाण मांडून होते. जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सव होता. शुक्रवारी ओअ‍ॅसिस, रविवारी द क्युअर, आणि शनिवारी स्टोन रोझेस अशी शेवटच्या जागांची वाटणी झालेली होती. स्टोन रोझेसचा दबदबा मोठा. १९८९ च्या पहिल्याच अल्बमने त्यांना एका पिढीचे दैवत केले होते, आणि नंतरच्या पाच वर्षांच्या मौनाने ते दैवत अधिकच गूढ झाले होते. परंतु त्यांचा गिटारवादक जॉन स्क्वायर अमेरिकेत डोंगरावर सायकल चालवताना पडला आणि त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. महोत्सव तोंडावर आलेला. हाती उरलेल्या थोड्या दिवसांत शनिवारची जागा पल्पला देण्यात आली.

त्या दिवशी कोणी आमच्या प्रश्नाचे तागडे आणले असते तर पल्पचे पारडे जमिनीला लागलेच नसते. एक गाजलेले गाणे, पहिल्या नऊ-दहांत पोहोचलेला एक अल्बम, वयाने एकतीस वर्षांचा, तपकिरी कोटातल्या मास्तरासारखा दिसणारा गायक. 'डिफरंट क्लास' हा ज्याने पुढे त्यांना खरे नाव दिले तो अल्बम अजून बाजारात यायचा होता. तो ऑक्टोबरअखेर आला. म्हणजे त्या रात्री जी गाणी ते म्हणणार होते त्यांतली काही मैदानातल्या कोणीही ऐकलेली नव्हती. 'डिस्को २०००' सारखे आज लग्नसमारंभात वाजणारे गाणे तिथे नवेकोरे होते. हजारो लोक माळावर उभे, त्यांतल्या पुष्कळांनी तिकीट काढताना स्टोन रोझेसचा विचार केलेला. अशा समुदायापुढे अनोळखी गाणी म्हणणे म्हणजे लग्नात आलेल्या वऱ्हाडाला आपल्या अप्रकाशित कादंबरीचे वाचन ऐकवण्यासारखे आहे.

त्या रात्री काय झाले ते ध्वनिमुद्रणांत आहे, आणि जिज्ञासूंनी ते मिळवून ऐकावे. शेवटी 'कॉमन पीपल' आले आणि सारे मैदान ते म्हणू लागले. त्याआधी कॉकरने लोकांना सांगितले की आपल्यासारख्या काटकुळ्या माणसाला हे जमत असेल तर तुम्हांलाही जमेल. ही नम्रता नव्हती आणि फुशारकीही नव्हती. सतरा वर्षांचा हिशेब होता. रविवारी सकाळी पल्प हा मोठा बँड होता. शनिवारी सकाळी नव्हता.

यावरून 'जागाच माणसाला मोठे करते' असे अनुमान काढणे सोपे आहे, आणि तेवढेच असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ती रात्र पल्पला पेलली याची कारणे पल्पपाशीच होती. इंडी बँडचा स्वतःचा कार्यक्रम दीक्षितांचा असतो. आलेल्या प्रत्येकाला प्रत्येक ओळ पाठ असते, आणि गायकाने पाठ फिरवून गिटार लावत बसले तरी ती त्याची अदा ठरते. महोत्सवाच्या शेवटच्या तासाला समोर दीक्षित थोडे आणि वाटसरू फार. त्या वाटसरूला पहिल्यांदा ऐकताना दुसऱ्या कडव्यापर्यंत आत येता आले पाहिजे. कॉकर वर्षानुवर्षे रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या, कधी कधी वैतागलेल्या खोल्यांपुढे गायला होता. गाण्यांच्या मध्ये बोलायचे कसे, हाताच्या एका विक्षेपाने शेवटच्या रांगेतल्याला कसे धरायचे, हे तो तिथे शिकला होता. ज्यांना पहिल्याच अल्बमला यश मिळते त्यांना ही विद्या शिकायला वेळच मिळत नाही.

आणि दुसरे म्हणजे ते गाणे. गाण्यातली मुलगी श्रीमंत घरची, कलाशाळेत शिकणारी. तिला 'सामान्य माणसांसारखे' जगून पाहण्याची हौस आहे. निवेदक तिला समजावतो की हौसेने गरीब होता येत नाही, कारण तुझ्या हाताशी परतीची वाट आहे. आता हे गाणे गात कोण होते? पैसे मोजून तीन दिवस राहुट्यांत, सामाईक शौचालयांच्या रांगांत राहायला आलेले लोक. सोमवारी बहुतेकांना परतीची वाट होतीच. गाणे त्यांची थट्टा करीत होते आणि ते सारा जीव ओतून ती थट्टा म्हणत होते. थट्टेचे राष्ट्रगीत व्हावे हा विनोद आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की त्या समुदायात खरेच परतीची वाट नसलेलेही होते, आणि दोघांना ते गाणे एकाच वेळी आपले वाटले. 'हे आमचे आहे, सर्वांचे नाही' या इंडी भावनेतून निघालेले गाणे तिच्याच बाहेर पडले. आमच्या मते मोठेपणाची खूण असलीच तर ती इथे आहे. ती खपाच्या आकड्यात आगाऊ दिसत नाही.

याची उलट बाजू पाहायची तर डेमन अल्बार्नकडे पाहावे. २००९ साली त्याने ब्लर या आपल्या जुन्या बँडबरोबर ग्लास्टनबरीच्या रविवारची सांगता केली आणि मैदान अक्षरशः गहिवरले. पुढच्याच वर्षी बोनोच्या पाठीला दुखापत झाल्यामुळे यू-टूला माघार घ्यावी लागली, आणि शुक्रवारची जागा अल्बार्नच्याच गोरिलाझला मिळाली. गोरिलाझ जगभर खपलेले. त्या रात्री सोबतीला लू रीड, बॉबी वोमॅक, स्नूप डॉग असे पाहुणे. कागदावर याहून मोठे काय असावे? तरीही मैदान थंड राहिले. एकामागून एक पाहुणा येत होता आणि लोकांना धरायला काही सापडत नव्हते. माणूस तोच, माळ तोच, मध्ये अवघे एक वर्ष.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: तुम्ही जिंकलेल्याची गोष्ट सांगता, हरलेल्यांची कोण सांगणार? मान्य. प्रत्येक पल्पमागे अशी जागा मिळून विसरले गेलेले बँड असतीलच. परंतु न मिळाल्यामुळे विसरले गेलेले त्याहून अधिक आहेत, आणि त्यांची मोजदाद कोणी करीत नाही. ग्लास्टनबरीने २००२ साली कोल्डप्लेला शुक्रवार दिला तेव्हा त्यांचा एकच अल्बम बाजारात होता; २००७ साली आर्क्टिक मंकीजना दिला तेव्हा दोन. हे धाडस त्या महोत्सवाला परवडते, कारण तिथली तिकिटे कलावंतांची यादी जाहीर होण्याआधीच संपतात. जिथे तिकीट शेवटच्या नावावरच विकले जाते तिथे आयोजक काय करील? जे नाव गेल्या उन्हाळ्यात चालले तेच पुन्हा बोलावील. म्हणून एका उन्हाळ्यातल्या चार महोत्सवांची पत्रके शेजारी ठेवली तर वरच्या ओळी सारख्याच दिसतात, आणि त्या ओळींतल्या माणसांची वये दरवर्षी एकेका वर्षाने वाढत जातात.

नव्यांना वाट मिळते ती बहुधा अस्थिभंगाने. १९९५ साली स्क्वायरचे हाड; २०१५ साली फू फायटर्सच्या डेव्ह ग्रोलचा पाय मोडला म्हणून फ्लॉरेन्स अँड द मशीन शेवटच्या जागी सरकले आणि त्यांनीही ती रात्र पेलली. एवढेच कशाला, पिल्टनच्या शेतकरी मायकेल ईव्हिसने १९७० साली एक पौंड तिकीट लावून पहिला महोत्सव भरवला तेव्हाही ठरलेले किंक्स आलेच नाहीत, आणि त्यांच्या जागी मार्क बोलनचा टिरॅनोसॉरस रेक्स वाजवून गेला. ऑर्थोपेडिक सर्जनवर इतके अवलंबून असलेले दुसरे कलाक्षेत्र आम्हांस माहीत नाही.

हे सारे दूरचे वाटत असेल तर महालक्ष्मी रेसकोर्स आठवावा. जानेवारी २०२३ मध्ये तिथे लोलापलूझा महोत्सव प्रथम भरला, आणि दुसऱ्या रात्रीची शेवटची जागा द स्ट्रोक्स या न्यू यॉर्कच्या बँडला मिळाली. ज्या बँडच्या २००१ च्या पहिल्या अल्बमने इंडी रॉकची एक पिढी घडवली त्याला मुंबईत ही जागा मिळावी याचा आम्हांस आनंदच आहे. पण नंतरच्या दोन वर्षांची पत्रकेही पाहावीत: स्टिंग, जोनास ब्रदर्स, ग्रीन डे, शॉन मेंडिस. मोठ्या टायपातली नावे परदेशीच. इथले बँड का नाहीत असे विचारले की उत्तर ठरलेले, 'अजून तेवढे मोठे नाहीत.' पण कोणत्या शनिवारी ते मोठे होणार होते? त्यांना ती रात्र दिली गेली आणि ते पडले, असे झालेले नाही. शेवटच्या तासाचा सराव शेवटच्या तासालाच होतो. दुपारी चारच्या उन्हात, छत्र्या आणि खाद्यपदार्थांच्या रांगा यांच्याकडे पाहत गाऊन तो होत नाही. पत्रिकेतली एक रात्र दरवर्षी इथल्या बँडसाठी राखून ठेवावी, तोटा झाला तर तो खर्चात धरावा, असे आमचे मत आहे. ते आयोजकांना भाबडे वाटेल. १९९५ च्या जून महिन्यात पल्पचे नाव सुचवणारे मतही कोणाला तरी भाबडेच वाटले असणार.

ग्लास्टनबरीचे तिकीट २०२५ साली ३७३.५० पौंडांना होते. आरक्षणाचे पाच पौंड वेगळे. त्या वर्षीच्या शनिवारी, २८ जूनला, सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मुख्य मंचावर 'पॅचवर्क' नावाचा कोणी बँड वाजवणार असे पत्रकात छापले होते. असा कोणी बँड नव्हता. मंचावर आले ते पल्प, त्या रात्रीला तीस वर्षे झाली म्हणून. कॉकर एकसष्ट वर्षांचा झाला होता. त्याच महिन्यात त्यांचा नवा अल्बम निघाला होता आणि ब्रिटिश तक्त्यावर पहिल्या क्रमांकावर गेला होता. त्यातल्या पहिल्या गाण्याचे नाव 'स्पाइक आयलंड', म्हणजे जिथे १९९० साली स्टोन रोझेसनी आपला सर्वांत गाजलेला कार्यक्रम केला ती जागा. रात्रीची शेवटची पाळी नील यंगची होती. पल्प वाजवू लागले तेव्हा मैदानावर अजून चांगले ऊन होते.