नेमलेल्या कुस्तीआधी काय पाहावे?

चैत्रात शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या यात्रा सुरू झाल्या की गावोगाव आखाडे भरतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत दुपार रंगते, आणि पारावर एक प्रश्न हटकून निघतो: शिवराज राक्षे आणि सिकंदर शेख पुन्हा समोरासमोर आले तर कोण मारेल? उत्तर बहुधा उंची आणि वजनावरून दिले जाते. तेवढ्यावर हा हिशेब सुटत नाही.

शिवराज खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा. त्याची तयारी कात्रजला काका पवार यांच्या तालमीत झाली. सिकंदर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, आणि घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. महाराष्ट्र केसरीचा किताबी गट 86 ते 125 किलोंचा असतो. म्हणजे या गटात दोन मल्लांच्या वजनात तब्बल 39 किलोंचा फरकही नियमात बसतो. पण या दोघांच्या तुलनेत वजनाहून मोठा प्रश्न आहे तो कुस्ती कशावर आणि कोणत्या नियमांनी होणार, हा.

आखाड्यातली तांबडी माती हळद, ताक, तेल, लिंबू घालून तयार केलेली असते. ती अंगाला चोळली की घामातही हात निसटत नाही आणि पकड बसते. पायाखाली भुसभुशीत असल्याने चाल थोडी मंदावते. ताकदीला आणि दमाला वाव मिळतो. यात्रेतली कुस्ती बहुधा निकाली असते. पाठ लागली की संपली, तोवर चालू.

गादीवर, म्हणजे मॅटवर, चित्र बदलते. पायात बूट असल्याने पाय रोवता येतो, पण घामेजलेले अंग हातातून सटकते. त्यामुळे विजेच्या वेगाने पट काढणाऱ्याला फायदा होतो. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला तर दोन गुण, उचलून थेट पाठीवर धोक्याच्या स्थितीत आणला तर चार, आखणीबाहेर ढकलला तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर कुस्ती तिथेच थांबते. दोन्ही खांदे टेकले तर मात्र गुण कितीही असोत, चितपट.

महाराष्ट्र केसरीची रचना या दोन जगांना एकत्र आणते. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम फेरीत भिडतात, आणि ती कुस्ती गादीवर होते. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला ही जोड होण्याची चिन्हे होती. पण माती विभागात सिकंदर महेंद्र गायकवाडकडून हरला. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला मिळालेल्या चार गुणांवरून गदारोळ झाला. अंतिम फेरीत शिवराजने महेंद्रला हरवून गदा घेतली.

जोड जुळली ती त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला, फुलगावात. हे गाव हवेलीतले. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. गादी विभागातून आलेल्या शिवराजला माती विभागातून आलेल्या सिकंदरने काही सेकंदांतच चितपट केले, तेही गादीवर. कुस्तीगिरांच्या संघटनांतल्या फुटीमुळे त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथे शिवराज जिंकला. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांशी झालेल्या वादानंतर शिवराजवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

फुलगावचा निकाल निर्विवाद होता. मात्र सेकंदांत संपलेल्या कुस्तीतून पहिल्या झडपेतला वेग कळतो. पाचव्या मिनिटाला कोणाचा दम टिकेल हे कळत नाही. आमच्या मते निकाली कुस्तीत आणि पहिल्या मिनिटात सिकंदरचे पारडे जड आहे. गादीवर सहा मिनिटांची, गुणांची कुस्ती लांबली तर शिवराजला कमी लेखता येणार नाही.

माती आणि गादीतला हा फरक आपल्या तालुक्यांतल्या पोरांच्या भवितव्याशी जोडलेला आहे. दौंडमध्येच राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, आणि भरतीतल्या खेळाडूंच्या जागांचे स्वप्न पाहणारी कितीतरी मुले इथल्या तालमींत जोर-बैठका काढतात. त्या जागांसाठी लागणारी प्रमाणपत्रे मान्यताप्राप्त स्पर्धांतून मिळतात. राष्ट्रीय पातळीपासून ऑलिंपिकपर्यंतची कुस्ती तर गादीवरच होते. वर्षभर मातीत घाम गाळलेला मुलगा थेट स्पर्धेच्या दिवशी गादीवर उतरला, तर तो ताकदीने नव्हे, सवयीने हरतो.

माती टिकलीच पाहिजे. पकड आणि दम तिथेच तयार होतात. पण यात्रेसाठी जमणाऱ्या वर्गणीतला एक वाटा दरवर्षी गावच्या तालमीतल्या गादीसाठी बाजूला काढायला हवा. आणि यात्रा समित्यांनी मोठी कुस्ती नेमताना पत्रिकेवर इनामाच्या आकड्याशेजारी दोघांची वजने, कुस्तीची वेळ आणि निकाल चितपटीवर की गुणांवर, हेही छापावे.