आजोबांच्या खात्यात पैसे आहेत, तरी कार्ड का चालत नाही?

धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक गावांत म्हाताऱ्या माणसांचा बँकेशी व्यवहार ठरलेला असतो. महिन्याचे पैसे जमा झाले की बँकेत जायचं किंवा गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावायचा, रोख रक्कम घ्यायची आणि पुढचा महिनाभर खात्याकडे बघायचंही नाही. एटीएम कार्ड पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरमध्ये पडून असतं. मग कधीतरी दवाखान्याची वेळ येते. तुळजापूर-नळदुर्गकडची माणसं सोलापूर गाठतात, कळंबकडची लातूर किंवा बार्शी. काउंटरवर अनामत मागतात, कार्ड पहिल्यांदाच स्वाइप मशिनमध्ये जातं आणि स्क्रीनवर येतं, 'डिक्लाइन्ड'.

पोरांना वाटतं, बाबांनी पिन चुकवला. बाबांना वाटतं, पैसे गेले. पुष्कळदा दोन्ही खरं नसतं.

या प्रश्नाला आता आणखी एक कारण जोडलं गेलंय. ६ फेब्रुवारी २०२६ रोजी पतधोरण जाहीर करताना रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेवर चर्चापत्र आणणार असल्याचं सांगितलं. त्यात दोन कल्पना आहेत. एक, काही व्यवहारांत पैसे समोरच्याच्या खात्यात थोडे उशिरा जमा करायचे. दुसरी, ज्येष्ठ नागरिकांसारख्या गटांसाठी पडताळणीची जादा पायरी ठेवायची. हेतू चांगलाच आहे. पण ज्यांचं कार्ड आजच अडतं, त्यांच्यासमोर आणखी एक दार उभं राहणार का?

मशिनमध्ये कार्ड घातल्यावर काय होतं?

काउंटरवरचं मशिन स्वतः काहीच ठरवत नाही. ते फक्त विचारणा पाठवतं. ती रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत जाते आणि बँकेचा संगणक काही सेकंदांत उत्तर देतो. तो शिल्लक बघतो, पिन बघतो, दिवसाची मर्यादा बघतो. त्यासोबत हा व्यवहार या ग्राहकाच्या नेहमीच्या वागण्यात बसतो का, हेही तपासलं जातं. ठिकाण ओळखीचं आहे का? रक्कम नेहमीएवढी आहे का? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नियमांतही ठिकाण, मोबाइल, ग्राहकाची सवय आणि जुने व्यवहार पाहून धोका जोखण्याची मुभा बँकांना आहे.

इथे ज्येष्ठांची पंचाईत होते. समजा, पुण्यात नोकरी करणारा मुलगा दिवसातून पाच-सहा वेळा पैसे देतो. चहा, पेट्रोल, किराणा. त्याच्या सवयीचे हजारो पुरावे बँकेकडे जमा आहेत. उमरग्यात राहणाऱ्या त्याच्या आईचा दहा वर्षांचा इतिहास म्हणजे महिन्यातून एकदा काढलेली रोकड. तिने एके दिवशी परगावी चाळीस हजारांचं पेमेंट केलं, तर संगणकाला ते चोरीच्या कार्डासारखं दिसू शकतं. आयुष्यभर जपून खर्च केला, हाच संशयाचा मुद्दा ठरतो.

अर्थात सगळं खापर या तपासणीवर फोडता येणार नाही. कारण अनेकदा फारच साधं असतं. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या परिपत्रकानुसार नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशिनवर चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि नुसतं टेकवून पैसे देणं या सोयी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या असतात. ज्या जुन्या कार्डांवर या सोयी कधीच वापरल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्याही त्या बंद करायला बँकांना सांगितलं होतं. १ ऑक्टोबर २०२०पासून हे लागू आहे. म्हणजे लेकाने आईच्या कार्डावरून ऑनलाइन औषधं मागवायला घेतली, तर कार्ड नाकारलं जाण्यामागे संशय वगैरे काही नसतो. ते बटण कुणी चालूच केलेलं नसतं. कधी स्वाइपची रोजची मर्यादा कमी ठेवलेली असते, कधी केवायसीची मुदत उलटलेली असते, कधी ओटीपी रिचार्जअभावी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात असतो.

कारणं इतकी वेगवेगळी, पण काउंटरवर दिसणारा शब्द एकच. खरी चूक इथे आहे. का अडलं, हे कळलं तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

एवढं असूनही फसवणूक कशी होते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'डिजिटल अरेस्ट'ची स्वतःहून दखल घेतली, ती हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याच्या पत्रावरून. त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये गेले होते. १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. या प्रकारात पैसे घाबरलेला ग्राहक स्वतःच पाठवतो. पिन बरोबर, ओटीपी बरोबर, फोन त्याचाच. पिन-ओटीपीच्या कुलपाला यात खटकण्यासारखं काहीच सापडत नाही. म्हणून दवाखान्याची अनामत अडू शकते आणि चोराकडे चाललेली रक्कम सुटू शकते.

याहून वाईट गोष्ट पुढे घडते. एकदा चारचौघांत कार्ड नाकारलं गेलं की म्हातारा माणूस ते स्वतः वापरणं सोडतो. पिन नातवाला सांगतो, कार्ड शेजाऱ्याकडे देतो, ओटीपी फोनवरून वाचून दाखवतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार पिन-ओटीपी दुसऱ्याला देणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा. बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान त्याचंच. आधी व्यवस्थेने त्याला दुसऱ्यावर अवलंबून राहायला लावायचं आणि मग त्याबद्दल त्यालाच दोषी धरायचं, असा हा प्रकार आहे. जादा पायरी म्हणजे आणखी एक ओटीपी असेल, तर हे वाढेल, कमी होणार नाही.

धाराशिवमध्ये 'पैसे अडकले' या शब्दांना वेगळं वजन आहे, हेही विसरता येत नाही. इथल्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण त्याआधी २०१७पासून त्या बँकेवर निर्बंध होते. स्वतःचे पैसे मिळत नाहीत म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय, त्याला 'डिक्लाइन्ड' ही तांत्रिक अडचण वाटत नाही.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. ऑक्टोबर २०२४पासून तिथल्या बँका संशयास्पद पेमेंट ७२ तासांपर्यंत रोखून धरू शकतात, पण ग्राहकाला कारण सांगावं लागतं. आपल्या चर्चेत उशिराची कल्पना आली आहे. कारण सांगायची सक्ती, आणि तेही मराठीत, यावर जोर द्यायला हवा. जादा पायरी हवी की नको, हे ज्येष्ठांना स्वतः निवडता आलं तर आणखी उत्तम.

तोवर काय करता येईल?

दवाखान्याची तारीख ठरली असेल तर आधीच शाखेत जाऊन तीन गोष्टी विचारा: स्वाइपची रोजची मर्यादा किती, केवायसी चालू आहे का आणि खात्याला कुठला मोबाइल नंबर जोडलाय. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याचे प्रयत्न करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच सांगितलंय. तेही विचारायला हरकत नाही.

काउंटरवर कार्ड अडल्यावर बँकेच्या नावाने फोन आला, तर नंबर बघा. बँकांनी सेवेसाठीचे फोन १६००ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे आहेत. आणि पिन किंवा ओटीपी मागणारा फोन कुठल्याही नंबरवरून आला तरी बंद करा.

स्वाइप करताना पैसे कापले गेले, पण दुकानदाराला पोचल्याचं दिसलं नाही, तर ते पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची आहे आणि त्यासाठी ग्राहकाने तक्रारही करावी लागत नाही. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. फसवणूकच झाली असेल, तर मात्र थांबू नका. १९३० लावा आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा.