घरच्या घरी व्यायाम : कोणते साधन घ्यावे?

गेल्या महिन्यात हुबळीहून एका वाचकभगिनीचे पत्र आले. त्यांचे यजमान रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बसून राहिल्यामुळे वजन वाढले, रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज व्यायाम करण्यास बजावले. बंगळूरला नोकरीस असलेला मुलगा विजेवर चालणारा चालण्याचा पट्टा हप्त्याने घेऊन देण्यास तयार आहे. घर दोन खोल्यांचे. "पट्टा आला तर खाट कोठे टाकावी, एवढेच सांगा," असे त्या भगिनी लिहितात.

खाट हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतो. कांही वर्षांपूर्वी मी एका जागी उभी राहणारी पायगाडी हौसेने घेतली. पहिले दोन आठवडे ती चालली. मग पावसाळा लागला आणि तिच्या मुठींवर ओले टॉवेल वाळू लागले. आजही तिचा तोच उपयोग आहे. गाडीत दोष कांहीच नव्हता. घेण्यापूर्वी मी जागा मोजली नाही आणि आपला स्वभावही मोजला नाही.

पट्ट्याची गोष्ट त्याहून अवघड. तो वजनाने जड, वीज खाणारा, बिघडल्यास कारागीर शोधावयास लावणारा. शिवाय चालता चालता तोल गेल्यास माणूस मागे फेकला जातो, म्हणून त्याच्या मागे सुमारे दोन मीटर जागा मोकळी ठेवावी लागते. हे सारे कशासाठी, तर जे रस्त्यावर फुकट होते त्यासाठी! हुबळीत उणकल तळ्याचा काठ आहे, नृपतुंग बेट्टाची चढण आहे. खेड्यात तर शेताची वाट दारातूनच सुरू होते. मार्च २०२३ मध्ये हुबळी स्थानकाच्या ज्या फलाटाचे उद्घाटन झाले, त्याची लांबी १५०७ मीटर आहे आणि जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची ख्याती झाली. एक येरझार घातली की तीन किलोमीटर भरतात! अर्थात फलाट प्रवाशांसाठी आहे. पण निवृत्त रेल्वेमनुष्यास तीन किलोमीटर म्हणजे किती, हे समजावयास तो बरा.

तथापि केवळ चालण्याने सारे भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. पासष्टीच्या पुढील माणसांनी तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस करावयाचा आहे. रक्तातील साखर खर्ची पडण्याचे मोठे ठिकाण म्हणजे स्नायू. म्हणून मधुमेह्याने जोराच्या व्यायामाकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नाही. घरात साधन घ्यावयाचे ते या दुसऱ्या भागासाठी.

आणि हे ज्ञान आपल्या मुलखाला परके नाही. कानडीत जिला गरडी मने म्हणतात आणि आपण तालीम म्हणतो, तीत काय असते? मातीचा हौद, लाकडी मुद्गल, दगडी नाल आणि जोर-बैठकांना पुरेल एवढी भुई. उत्तर कर्नाटकातील खेड्यांत तर सणावारी गोल दगड वा धान्याची पोती उचलण्याच्या पैजा लागतात. मुद्गलाची कीर्ती सातासमुद्रापार गेली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो येथे पाहिला, विलायतेत नेला आणि 'इंडियन क्लब' या नावाने तेथील शाळांतून व पलटणींतून फिरविला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तो स्पर्धेचा खेळ होता. आपण मात्र तो माळ्यावर टाकून पट्ट्याची चौकशी करीत आहोत!

मुद्गल कातकाम करणाऱ्या सुताराकडून करवून घेता येतो. नवख्याने दोन किलोच्या पुढे जाऊ नये. तो खांद्यामागून फिरवावयाचा असल्यामुळे हात आणि मुद्गल पसरून चहूकडे मोकळे राहील, अशी जागा लागते. वर पंखा असल्यास अंगणातच फिरवावा. काम झाले की कोपऱ्यात उभा राहतो. त्याला झाकण नको, तेल नको. एकच सांगतो, खांदा पूर्वी निखळलेला वा दुखरा असेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये.

ज्यांना अंगणही नाही त्यांनी रबराची नळी घ्यावी. माझ्या मते दोन खोल्यांच्या घरात हिच्यासारखे दुसरे साधन नाही. नळी पायाखाली धरून हातांनी ओढली की दंड, पाठ, छाती सर्वांना काम मिळते. जोर वाढवावयाचा तर नळी आखूड धरावी. ही कल्पनाही जुनीच. १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेलेला प्रसिद्ध पहिलवान यूजेन सँडो रबरी दोऱ्यांची साधने विकीत असे. सायकलची जुनी ट्यूबही चालते, पण आधी ती ताणून भेगा पाहाव्यात. ओढताना तिचा रोख डोळ्यांकडे नसावा. उन्हात टांगल्यास रबर कुजते. डब्यात शंखजिरे टाकून ठेवावे.

डंबेल्स विकत घेण्यापूर्वी घरातील बाटल्या पाहाव्यात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीच बाटली कोरड्या वाळूने भरली तर सुमारे दीड किलो होते. दोन लिटरची वाळू भरलेली बाटली तीन किलोची झाली. नवख्याला एवढे पुष्कळ. पुढे जोर वाढला तरच दांडा आणि सुट्या चकत्या घ्याव्यात, कारण त्यांचे वजन कमीजास्त करता येते व एका जोडीत सारे घर भागते. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली स्वस्त डंबेल्स आपटली की फुटतात, हे ध्यानात असावे.

दाराच्या चौकटीत बसवावयाच्या लोखंडी दांड्याविषयी तरुण मुले हट्ट धरतात. नव्या पक्क्या घरात हरकत नाही. धारवाडकडील जुन्या कौलारू, मातीच्या भिंतींच्या घरात चौकट हलते. तेथे मुलगा दांड्यासह खाली येईल.

अंथरण्यासाठी विलायती चटईच हवी असे नाही. आपल्या नवलगुंदचा जमखाना निजून करावयाच्या व्यायामास उत्तम. मात्र गुळगुळीत फरशीवर तो सरकतो, म्हणून त्यावर उड्या मारू नयेत. दोरीच्या उड्यांना अंगणातील माती बरी. दोरीच्या मध्यावर उभे राहिल्यास तिची टोके काखेपर्यंत यावीत, हे तिचे माप. गुडघे दुखणाऱ्यांनी ती मुलांकडे द्यावी.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. साधन घरात येते ते यजमानांसाठी किंवा मुलासाठी. घरच्या बाईला कोणी विचारीत नाही. "ती दिवसभर राबतेच की!" असे उत्तर मिळते. राबणे निराळे आणि हाडांना व मांड्यांना बळ देणारा व्यायाम निराळा. उतारवयात बायकांची हाडे लवकर ठिसूळ होतात. तिच्यासाठी साधन घरातच आहे : न हलणारी लाकडी खुर्ची. हात न टेकता दहा वेळा उठावे, दहा वेळा बसावे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी यजमानांबरोबर हे अवश्य करावे.

यजमानांनी प्रथम डॉक्टरांस विचारावे. साखर उतरविणारी गोळी वा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. खिशात साखरेची पुडी असू द्यावी. वजन उचलताना श्वास कोंडू नये, रक्तदाब चढतो. छातीत दुखले किंवा घेरी आली तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांस गाठावे. चालताना बंद पादत्राण घालावे आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. मधुमेह्याला जखम कळत नाही.

मुलाला कळवावे की हप्ता बांधू नको. वडिलांसाठी चालण्याचे चांगले बूट पाठीव, आईसाठीही. रबराची नळी येथेच मिळेल.